अभिलेख, चित्र आणि गाणं: ठाणे–नवी मुंबईत राहून तिन्ही कामं एकत्र कशी चालवावीत

सकाळी अभिलेखाचं काम, म्हणजे जुन्या ध्वनिफितींची नोंद, संध्याकाळी शिकवणी किंवा मैफल आणि उरलेल्या वेळात चित्रं, अशी माझी घडी ठाण्यात राहूनच बसली आहे. ती कशी बसवायची, हे विचारणारे बहुतेक जण पंचविशीच्या आसपासचे असतात. कुणी विशारद झालेलं असतं आणि हातात चित्रकलेची पदविका असते, कुणी ग्रंथालयशास्त्र शिकून पेटी वाजवत असतं. घरचे म्हणतात, एक काय ते धर. माझ्या मते तिन्ही धरता येतात, पण त्यासाठी काही गोष्टी ठरावीक क्रमाने कराव्या लागतात. तो क्रम खाली देते.

१. कामं तीन असू देत, विषय एकच ठेवा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि घाईत हीच राहून जाते. अभिलेखागारात जमिनीचे दस्त, चित्रांत निसर्गदृश्यं आणि गाण्यात ठुमरी असं केलंत, तर तुम्हाला तीन वेगळी आयुष्यं जगावी लागतील. विषय एक असला की एकाच माणसाच्या घरी एका दुपारी गेल्यावर नोंदीसाठी ध्वनिफीत मिळते, रेखाटनासाठी त्याची जुनी पेटी मिळते आणि गळ्यासाठी एक बंदिश मिळते.

आपल्या भागात असे विषय पुष्कळ आहेत. ठाण्यातलं नाट्यसंगीत आणि ख्यालगायन घ्या. पं. राम मराठे (१९२४–१९८९) ठाण्यात राहिले, आजही महापालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. नौपाडा, गावदेवी, चरई भागातल्या घरांत खासगी मैफिलींच्या कॅसेटी, हस्तपत्रिका आणि निमंत्रणपत्रिका अजून कपाटांत पडून आहेत. मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे हे १८९३ सालचं. जुने अंक चाळायला तिथूनच सुरुवात करा. दुसरा विषय आगरी-कोळी लग्नातल्या धवल्यांचा, म्हणजे विधीच्या गाण्यांचा. धवलारीण लग्नाचे विधी गाण्यांतून पार पाडते, आणि दिवाळे, सारसोळे, घणसोलीपासून चेंदणी कोळीवाड्यापर्यंत ही परंपरा जाणणाऱ्या बायका आज वयस्कर झाल्या आहेत. तिसरा विषय तारप्याचा. दुधी भोपळा आणि बांबूचं हे वाद्य, त्याभोवती फेर धरून होणारा नाच, आणि त्याच नाचाचं वारली चित्रांतलं वर्तुळ. इथे चित्र आणि संगीत लोकांनी आधीच एकत्र आणलं आहे.

विषय निवडताना तीन प्रश्न विचारा. ठिकाण ट्रान्स हार्बर किंवा मध्य रेल्वेने तासाभरात गाठता येतं का? या संगीताची रीतसर तालीम मला मिळाली आहे किंवा मिळू शकते का? आणि माझं चुकलं तर सांगणारी जाणती व्यक्ती हयात आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर मी तो विषय पहिला म्हणून घेणार नाही.

एक सावधगिरी. धवला किंवा तारपा तुमच्या घरातला नसेल, तर तो मंचावर सादर करण्याआधी त्या समाजातल्या लोकांना विचारा. धवला हा विधी आहे. लग्नाबाहेर तो म्हणायचा की नाही, मुद्रित करू द्यायचा की नाही, हे धवलारीण ठरवेल. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे स्वतः त्या शैलीत काढलेलं चित्र ‘वारली’ म्हणून विकू नका.

२. घरखर्च कोणत्या कामातून निघणार ते ठरवा

माझा सल्ला अभिलेखाच्या कामाचा. गाण्याचं उत्पन्न हंगामी आहे: गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, पाडवा, आणि मधे कोरडे महिने. चित्रं विकली जाण्याचा तर नेमच नाही. अभिलेखाचं काम दिवसा, बसून आणि ठरलेल्या तासांत होतं, शिवाय त्यात गळा खर्च होत नाही.

कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे मान्य करूनच उतरा. काम मुख्यतः प्रकल्पावर आणि करारावर मिळतं. उद्योगसमूहांचे संग्रह (गोदरेज अभिलेखागार विक्रोळीतच आहे, ठाण्याहून काही स्टेशनं), संग्रहालयं, ग्रंथालयं, विद्यापीठं, वृत्तपत्रं, आणि आता कलाकारांची कुटुंबंही असं काम देतात. संगीताच्या संग्रहांत देशपातळीवर गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं केंद्र १९८२ पासून काम करतं. त्यांची नोंद करण्याची पद्धत समजून घेतलीत तर पुष्कळ शिकाल.

दर ठरवताना कॅसेटच्या लांबीवर जाऊ नका. ध्वनिफीत वाजते त्याच गतीने उतरवावी लागते. त्यात आधीची सफाई, नंतरचं ऐकणं आणि नोंद धरली, तर तासाभराच्या फितीला तीन तरी तास लागतात. नव्यांचे पैसे बुडतात ते बहुधा इथेच.

३. कोणतं प्रमाणपत्र कशासाठी

संगीतासाठी: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जातात. मंडळाची वास्तू वाशीत आहे, त्यामुळे चौकशी समोरासमोर करता येते. विशारद असल्यावर शिकवण्या मिळतात आणि संग्रहाचं काम देणाऱ्यालाही कळतं की या माणसाला राग ओळखता येतो.

चित्रकलेसाठी: शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर ती प्रमाणपत्रं जपून ठेवा. पदवीसाठी राज्याची सीईटी असते. सर ज. जी. कला महाविद्यालय (स्थापना १८५७) हे सगळ्यांचं स्वप्न असतं, पण तिथे प्रवेश नाही मिळाला म्हणून हा मार्ग बंद होत नाही. संग्रहाच्या कामात पदवीपेक्षा तुमची रेखाटनवही पाहिली जाते.

अभिलेखासाठी: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, शिवाय जतन आणि कागदांच्या प्रती काढण्याचे (रिप्रोग्राफी) अल्पमुदतीचे वर्गही असतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम आहे. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचं प्रशिक्षण देतं. मोडी शिकाच. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत कागद निघाले की त्यात मोडी असतेच, आणि ती वाचणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

तिन्ही अभ्यासक्रम एकदम घेऊ नका. संगीताची तालीम सुरू ठेवून बाकीच्यातलं एक वेळी एकच करा.

४. एक छोटा संग्रह स्वतः पूर्ण करा

काम मागायला जाल तेव्हा ‘केलेलं काय आहे’ असं विचारतील. गुरूंच्या, नातलगांच्या किंवा शेजारच्या आजोबांच्या वीस-पंचवीस कॅसेटी घेऊन त्या शेवटपर्यंत न्या. दोनशे कॅसेटी अर्ध्यावर सोडण्यापेक्षा हे मोलाचं आहे.

लागणारं साहित्य:
- चांगल्या अवस्थेतला कॅसेट डेक. खिशातला वॉकमन चालणार नाही.
- २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण करणारा ऑडिओ इंटरफेस आणि बंद कानांचा हेडफोन
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती बड्स, हेड पुसण्यासाठी
- दोन वेगळ्या हार्ड डिस्क
- सिलिका जेल, झाकणाच्या प्लॅस्टिक पेट्या, मऊ पेन्सिल
- पोचपावतीचं पुस्तक

आधी पोच द्या. किती कॅसेटी, कोणाच्या, कोणत्या अवस्थेत घेतल्या आणि कधी परत देणार, हे दोघांच्या सहीने लिहा. नातलगांकडूनही पोचेशिवाय काही घेऊ नका. कॅसेटी हरवल्यावर नाती तुटलेली मी पाहिली आहेत.

मग प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही खुंट्या तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. कव्हरवरच्या अक्षरांचं छायाचित्र घ्या. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात हे फार होतं. अशी कॅसेट वाजवू नका, नाहीतर डेकमधून बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटींवर जाईल. ती वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून जोडणी करा, हेडफोनच्या भोकातून नको. मूळ प्रत वॅव्ह स्वरूपात ठेवा आणि एका बाजूची एकच फाइल करा. खरखर काढणं, आवाज वाढवणं, शांतता कापणं हे सगळं नंतर, दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीत खोकला, पंख्याचा आवाज, ‘वा बुवा’ ही दाद, चहाच्या कपांचा आवाज हे सगळं राहिलं पाहिजे. मैफल कुठे आणि कशी झाली, हे पुढच्या अभ्यासकाला त्यातूनच कळतं. या दर्जात तासाला साधारण दोन जीबी जागा लागते.

आता गाणाऱ्या माणसाचा खरा उपयोग. घरच्या टेपरेकॉर्डरांची गती नेहमी बरोबर नसे. गती तीन टक्के चुकली की सूर सुमारे अर्ध्या अर्धस्वराने सरकतो, सहा टक्के चुकली तर पूर्ण अर्धस्वराने. एखादी गायिका आयुष्यभर काळी चारमध्ये गायली आणि कॅसेटवर तिचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे कुठेतरी लागतोय, तर शंका घ्या. तेवढ्यावर निर्णय मात्र देऊ नका, कारण त्या दिवशी तानपुराच तसा लावलेला असू शकतो. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे आणि जुन्या मुद्रणात तिची घुमघुम बरेचदा पकडलेली असते. संगणकावर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे याचा आलेख, काढून पाहा. ती घुमघुम ५१.५ हर्ट्झला दिसली, तर फीत तीन टक्के जलद वाजते आहे. तुमच्या स्वतःच्या डेकची घुमघुम त्यात मिसळलेली नाही, एवढी खात्री आधी करा. षड्ज आणि घुमघुम दोन्ही एकच सांगत असतील, तर दुरुस्त केलेली वेगळी प्रत करा आणि तसं नोंदीत लिहा. हे काम केवळ तंत्रज्ञाला सुचणार नाही आणि केवळ गवयालाही जमणार नाही.

नोंदीत एवढं असू द्या: गायक किंवा वादक, साथीदार आणि त्यांची वाद्यं, ठिकाण, तारीख, राग, ताल, बंदिशीचा मुखडा, कुठल्या मिनिटाला काय सुरू होतं, कॅसेट कोणाकडून आली, वापराची परवानगी काय. राग कलाकाराने जाहीर केला असेल तर ‘घोषणेनुसार’ लिहा, तुम्ही ओळखला असेल तर ‘ऐकून’ लिहा. जोडरागांबद्दल गुणीजनांतही एकमत नसतं, त्यामुळे खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहायला लाजू नका.

सगळ्याच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. घरी मोठे स्पीकर असतील, जे गाणाऱ्यांच्या घरी असतातच, तर कॅसेटी त्यांच्याजवळ ठेवू नका. स्पीकरच्या चुंबकाने मुद्रण बिघडतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही टाळा, कारण पावसात तीच भिंत ओल धरते.

५. हक्क: वस्तू ज्याची, गाणं त्याचंच असं नाही

या पायरीवर भलेभले घसरतात. चोरबाजारातून घेतलेली कॅसेट तुमच्या मालकीची झाली, तरी तिच्यावरच्या गाण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. कवी, संगीतकार, चित्रकार यांच्या कृतींचा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. सादर करणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क ५० वर्षं. खासगी मैफिलीच्या कॅसेटीत हे सगळे धागे गुंतलेले असतात.

म्हणून परवानगीचा कागद तीन भागांत करा: जतनासाठी उतरवणं, अभ्यासकांना ऐकवणं, लोकांसमोर प्रसिद्ध करणं. प्रत्येक भागाला वेगळी सही घ्या. पुष्कळ कुटुंबं पहिल्या दोन्हींना आनंदाने हो म्हणतात आणि तिसऱ्याला थांबतात. ते थांबणं मान्य करा.

आणि तुमच्यासारख्या तिहेरी माणसासाठी खास नियम: ज्या संग्रहात पगारावर काम करता, तिथली बंदिश स्वतःच्या मैफिलीत आणि तिथलं छायाचित्र स्वतःच्या चित्रात लेखी परवानगीशिवाय आणू नका. करार करतानाच हा मुद्दा काढा. ‘मी गाते आणि चित्रं काढते, इथल्या साहित्यावरून काही करायचं झालं तर काय पद्धत?’ असं सरळ विचारा. आधी विचारणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात.

६. गाणं सुटू देऊ नका

तिन्हींत सगळ्यात आधी उपाशी राहतो तो रियाज, कारण त्याची तारीख कोणी विचारत नाही. कामाला निघण्याआधी तानपुरा लावून बसायचं, हे पक्कं करा. दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांचं गाणं ऐकल्यावर संध्याकाळी कान थकलेला असतो, तेव्हा स्वतःचा सूर नीट पारखता येत नाही.

आकाशवाणीची ऑडिशन द्या. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत. श्रेणी मिळाली की आयोजक वेगळ्या नजरेने पाहतात. जेवढे राग कुठल्याही क्षणी अर्धा तास गाऊ शकाल, तेवढेच तयार म्हणा.

ऐकायला आणि ओळख करून घ्यायला गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह इथल्या कार्यक्रमांना जा. गाण्यासाठी सुरुवात मात्र सोसायटीच्या गणेशोत्सवापासून, ग्रंथालयाच्या सभागृहापासून करा. ‘नाव होईल’ म्हणून तिकिटं विकायला लावणारे किंवा कलाकाराकडूनच प्रवेशशुल्क घेणारे आयोजक टाळा.

तुमच्याकडे एक गोष्ट असते, जी इतर गाणाऱ्यांकडे नसते: संदर्भ. बंदिशीआधी दोन मिनिटं, ही कुठून आली, कोणी जपली, एवढं सांगा. दोनच मिनिटं. ठाण्याचा श्रोता जाणता आहे, त्याला व्याख्यान नको असतं.

७. चित्रं: नोंदीतून निघणारी

संग्रहाला चित्रकार लागतो हे संग्रहालाच अनेकदा माहीत नसतं. वाद्याचं मोजमापासह रेखाटन, जुन्या हस्तपत्रिकेतल्या अक्षरांचा अभ्यास, प्रदर्शनाची मांडणी, सूचीपुस्तिकेचं मुखपृष्ठ, ही सगळी पैसे मिळवून देणारी कामं आहेत. तानपुऱ्याचा भोपळा, घोडी, खुंट्या छायाचित्रात सपाट दिसतात. रेखाटनात जोड कुठे आहे, दुरुस्ती कुठे झाली आहे, हे दाखवता येतं.

स्वतःच्या चित्रांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा: शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, आता कुठे आहे. दुसऱ्यांचे कागद जपणाऱ्यांची स्वतःची चित्रं पलंगाखाली गुंडाळून पडलेली असतात, तसं करू नका. आम्लमुक्त कागद वापरा, सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा.

प्रदर्शनासाठी कापूरबावडीचं ठाणे कलाभवन जवळ आहे. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये ग्राहक वेगळा येतो, तिथे छोट्या आकाराची कामं न्या. जहांगीर कलादालनाची प्रतीक्षायादी लांबलचक असते, तेव्हा तिथे अर्ज करून बाकीची कामं चालू ठेवा. ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणी शुल्क भरा’ असे निरोप येतील. त्यांना उत्तर देऊ नका.

८. पैसे आणि कागदपत्रं

एकाच फाइलमध्ये, छापील आणि स्कॅन दोन्ही:
- पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला धनादेश
- संगीत, चित्रकला, अभिलेख यांची प्रमाणपत्रं
- गुरूंचं पत्र: किती वर्षं, कोणती तालीम
- पूर्ण केलेल्या संग्रहाची दोन पानी माहिती आणि नमुना नोंदी
- दहा चित्रांची छायाचित्रं, प्रत्येकी माहितीसह
- दहा मिनिटांचं न कापलेलं गायन किंवा वादन
- परवानगीपत्र, पोच आणि बिल यांचे कोरे नमुने

तीन कामांची बिलं तीन वेगळ्या क्रमांकमालिकांत ठेवा, म्हणजे वर्षअखेरीस कशातून काय आलं ते दिसतं. मानधनातून टीडीएस कापला जातो. तो तुमच्या नावावर जमा झाला का, ते आयकराच्या संकेतस्थळावर तपासा. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या पुढे लागते, तेव्हा त्याआधीच कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून होणारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजनांवर लक्ष ठेवा. १८ ते २५ वयोगटासाठी दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती, २५ ते ४० साठी १०,००० ची कनिष्ठ आणि पुढे २०,००० ची ज्येष्ठ पाठ्यवृत्ती, प्रत्येक दोन वर्षांसाठी. अर्ज भरताना तिन्ही क्षेत्रं एकत्र लिहू नका. एकच क्षेत्र निवडा आणि बाकीची दोन त्याला आधार म्हणून दाखवा. परीक्षकाला पहिल्या परिच्छेदात कळलं पाहिजे की तुम्ही नक्की कोण आहात.

९. वर्षाची आखणी

कॅसेटी आणि कागद हाताळायचं जड काम डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत उरका. जून ते सप्टेंबर पेट्या शक्यतो उघडू नका. तेव्हा आधीच उतरवलेलं ऐकून नोंदी करा आणि चित्रं काढा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत गाण्याचे दिवस, त्या काळातल्या अभिलेखाच्या करारांत तास कमी लिहून घ्या. करार मार्चअखेर संपतात आणि नवे बहुधा काही आठवडे लांबतात. तेव्हा फेब्रुवारीतच पुढच्या कामासाठी पत्रं पाठवा आणि एप्रिल-मेचा घरखर्च दिवाळीच्या मानधनातून बाजूला काढून ठेवा.